समुद्राकाठचं घर: वळचणीखाली काय होतं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्रापासून साधारण दीडशे मीटरवर प्लॉट आहे. तळमजला आणि वर एक मजला असं आरसीसीचं घर बांधायचं आहे. समुद्राच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे लोखंडी रेलिंगची बाल्कनी, वर सपाट गच्ची. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "बांधकाम नेहमीसारखंच करू, शेवटी बाहेरून चांगला रंग मारला की झालं." एवढं पुरेसं आहे का, आणि नसेल तर आराखड्यातच काय बदलायला हवं?

पुरेसं नाही. रंग हा या सगळ्यातला शेवटचा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. मी पंचवीसेक वर्षं किनाऱ्यावरच्या घरांची कामं करतो आहे. त्यात नवी घरं कमी आणि दुरुस्तीला आलेली जास्त. दुरुस्ती करताना एक गोष्ट इतक्या वेळा दिसली की आता कुठल्याही घरात शिरल्यावर मी आधी तिथेच बघतो. आपल्याला वाटतं, खारं वारं घराच्या तोंडावर आदळतं, म्हणजे दर्शनी बाजू आधी खराब होणार. पण घर खाल्लं जातं ते आडोशाला: जिथे पाऊस पोचत नाही आणि माणसाचा हातही पोचत नाही अशा जागी.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लाटा फुटतात तेव्हा पाण्यातले बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि बारीक तुषार हवेत उडतात. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषारातलं पाणी वाटेत उडून जातं आणि क्षाराचे कण वाऱ्याबरोबर येऊन मिळेल त्या पृष्ठभागावर बसतात. उघड्या भिंतीवर बसलेले कण पहिल्या चांगल्या सरीत धुऊन जातात. वळचणीखाली, छज्जाच्या पोटात, बाल्कनीच्या स्लॅबखाली, खिडकीच्या चौकटीच्या खाचेत ते साचतच जातात. आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळू लागतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते साधारण ३३ टक्क्यांपासूनच पाणी धरतं. म्हणजे ऊन पडलेलं असतं, भिंत हाताला कोरडी लागते, पण वळचणीखालचा तो एक स्क्रू मात्र वर्षाचे बहुतेक दिवस ओलाच असतो, आणि तोही खाऱ्या पाण्याने.

एका अकरा वर्षांच्या घराची पाहणी करत होतो. वरून पत्रा अजून चांगला दिसत होता, घरमालकही त्याबद्दल निर्धास्त होते. शिडी लावून वळचणीखाली डोकं घातलं, तर पत्रा ज्या लोखंडी पट्टीवर बसवला होता तिला पापुद्रे सुटलेले. स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आरपार गेलं. त्याच पट्टीचं टोक वळचणीबाहेर वीतभर आलेलं होतं, उघड्यावर, भर पावसात. त्यावर गंज होता, पण ते शाबूत होतं. एकाच लोखंडाची ही दोन टोकं, आणि मधलं अंतर जेमतेम दोन फूट.

म्हणून आराखड्यातल्या प्रत्येक कोपऱ्याला मी हेच प्रश्न विचारतो. इथे मीठ साचेल का? साचलं तर धुता येईल का? तिथवर हात जाईल का? आणि हा भाग खराब झाला तर शेजारचं काही न फोडता काढून नवा बसवता येईल का? तुमच्या घराचे सगळे निर्णय या प्रश्नांतून काढता येतात.

सुरुवात जागेपासून. घर प्लॉटच्या पुढच्या कडेला आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. हवेतल्या क्षारांचं प्रमाण किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्येच झपाट्याने उतरतं, त्यामुळे प्लॉटच्या आतल्या आत वीस-तीस मीटर मागे सरकलात तरी फरक पडतो, आणि मध्ये झाडांचा पट्टा असेल तर चांगलाच पडतो. या पट्ट्याच्या जागी दगडी भिंत घालू नका. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करत खाली येतो. झाडांतून तो गाळून, मंद होऊन येतो आणि क्षारही पानांवर बसतात. वाळूचा उंचवटा असेल तर त्याला हात लावू नका, मग समुद्र थोडा कमी दिसला तरी चालेल. तो उंचवटा म्हणजे वादळात लाटेने खाण्यासाठी ठेवलेली वाळूची शिल्लक असते, आणि मर्यादवेलीसारख्या वेली ती धरून ठेवतात. सपाटीकरणाच्या नावाखाली ती शिल्लक ट्रॅक्टरने भरून नेलेली मी पाहिली आहे, आणि पुढच्या मोठ्या उधाणात कुंपण वाहून गेलेलंही.

भरतीरेषेपासून किती अंतर सोडायचं हे तुमच्याकडचे किनारा नियमनाचे नियम सांगतील. ते किमान अंतर असतं, सुरक्षिततेची हमी नव्हे. घर साठ वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ मध्ये हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला होता. हाच वेग राहिला तरी साठ वर्षांत २२ सेंटिमीटर होतात, आणि वेग तर वाढतो आहे. उतार कमी असलेल्या किनाऱ्यावर पाणी वीतभर चढलं की ते आत किती लांब सरकतं, हे तुमच्या प्लॉटची लेव्हल घेतल्यावर सर्व्हेअर दाखवू शकेल. जोत्याची उंची ठरवताना त्या भागात आजवर उधाणाचं पाणी कुठवर आलं ते जुन्या माणसांना विचारा आणि त्याच्या वर राहा. पाणी येण्याची शक्यता खरोखरच असेल तर घर खांबांवर उचला आणि खालचा भाग मोकळा ठेवा, म्हणजे लाट खालून निघून जाईल. विजेचा मीटर, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर हे सगळं त्या पातळीच्या वर.

आता काँक्रीट. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, स्लॅब आणि कॉलम बदलता येत नाहीत.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच १२.५ ते १३ च्या घरात असतो आणि त्यात लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड काँक्रीटमधल्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरत शिरत सळईपर्यंत पोचलं, की तो थर ठिकठिकाणी फोडतं आणि तिथे सळईला खड्डे पडू लागतात. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. आतून एवढा दाब आला की काँक्रीट तडकतं, तड्यातून आणखी मीठ आणि ओल आत जाते, आणि एक दिवस बाल्कनीच्या पोटाचा पोपडा खाली येऊन पडतो. बाहेरून तडा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. त्या वेळी तडा बुजवून वर गिलावा केला तर दोन वर्षांत शेजारची जागा फुगते, कारण दुरुस्त केलेला तुकडा आणि त्याच्या कडेचं जुनं, क्षार मुरलेलं काँक्रीट यांच्यात आता नवा विद्युत-रासायनिक खेळ सुरू झालेला असतो.

क्लोराइडला सळईपर्यंत पोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: काँक्रीट किती घट्ट आहे आणि सळईवर त्याचं कव्हर, म्हणजे सळईपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतचा थर, किती आहे. कव्हर दुप्पट केलं तर तो वेळ साधारण चौपट होतो. म्हणून एकेका मिलिमीटरसाठी भांडायचं. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात किनारी वातावरणासाठी किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे. समुद्राचे तुषार लागणाऱ्या बांधकामासाठी एम ३५, ५० मिलिमीटर कव्हर, घनमीटरला किमान ३४० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५. दीडशे मीटरवर मी दुसरा वर्ग धरेन. "नेहमीसारखं" बांधकाम म्हणजे स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरच्या त्या एका शब्दात घराचं निम्मं आयुष्य जातं.

साइटवर याचा अर्थ काय होतो तो सांगतो. ०.४५ म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी, आणि त्यात वाळूतली ओलही धरायची. गवंड्याला काँक्रीट सहज पसरावं असं वाटतं, म्हणून तो अजून एक बादली ओततो. ते ज्यादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे क्षारांना आत यायला वाटा ठेवून जातं. काँक्रीट पसरायला जड वाटत असेल तर प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता ते सैल करणारं रसायन घाला, पाणी नको. सळईखाली विटेचे किंवा खडीचे तुकडे सरकवू देऊ नका. त्याच ताकदीच्या काँक्रीटचे ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आधी पाडून, पिकवून ठेवा. आणि स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅटरी घेऊन स्वतः जाळीवर फिरा. बांधणीच्या तारेची टोकं खाली, सेंट्रिंगच्या प्लायकडे लोंबत असतात. ती प्लायला टेकली की काँक्रीटच्या पृष्ठभागावर तारेचं टोक उघडं राहतं, तिथे महिन्याभरात तांबूस ठिपका उमटतो, आणि गंज त्या तारेवरून थेट सळईपर्यंत चालत जातो. प्रत्येक टोक पक्कडीने आत वळवायला लावा. दोन माणसांचं दोन तासांचं काम आहे.

सिमेंट स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय ॲशचं (औष्णिक वीज केंद्रातली राख) मिश्र घ्या. त्याचं काँक्रीट जास्त घट्ट होतं आणि क्लोराइडला काही प्रमाणात बांधूनही ठेवतं. त्याची ताकद सावकाश येते, म्हणून ओलं ठेवण्याचा काळ १४ दिवसांच्या खाली आणू नका. दुकानात "समुद्राजवळ ना, मग सल्फेट-रोधक सिमेंट न्या" असं बऱ्याचदा सांगतात. इमारतीतल्या सळईला धोका सल्फेटचा नसून क्लोराइडचा असतो, आणि सल्फेट-रोधक सिमेंट क्लोराइड कमी बांधतं. ते घेऊ नका. किनाऱ्यावरची वाळू एक पाटीही वापरायची नाही. पाणीही तपासून घ्या, मिसळण्याचं तसंच क्युरिंगचं. विहीर खारी असेल तर टँकर आणा. सुरुवातीचे १४ दिवस ताज्या काँक्रीटवर खारं पाणी शिंपडणं म्हणजे पन्नास वर्षांनी येणारं मीठ आजच पोचवणं आहे.

इपॉक्सीचा थर दिलेल्या सळईबद्दल लोक विचारतात. अमेरिकेत फ्लोरिडा कीज बेटांवरच्या पुलांच्या खांबांत ती वापरली होती आणि १९८० च्या दशकातच, म्हणजे फार लवकर, गंज दिसला. उतरवताना, वाकवताना थराला चरे पडतात आणि सगळा हल्ला त्या चऱ्यांवर एकवटतो. लहान साइटवर ती सळई जपली जाईल असा माझा अनुभव नाही. दुसरीकडे मेक्सिकोत प्रोग्रेसो बंदराचा धक्का १९४१ साली स्टेनलेस सळई घालून पूर्ण झाला आणि आजही तो वापरात आहे. घरभर स्टेनलेस परवडत नाही, पण समुद्राच्या बाजूच्या बाल्कनीपुरती ती घालता येते का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला जरूर विचारा. इटलीतली ज्वालामुखीची राख घालून रोमन काळात आजच्या इस्रायलमधल्या सीझरिया बंदरात पाण्याखाली काँक्रीट ओतलं गेलं त्याला दोन हजार वर्षं झाली. ते टिकण्याची बरीच कारणं आहेत, पण एक अगदी साधं आहे: त्यात गंजायला लोखंडच नाही.

यातूनच एक रचनेचा निर्णय निघतो. पातळ आरसीसी टाळा. तीन इंची छज्जा, काँक्रीटच्या जाळ्या, सजावटीच्या फिन्स यांत ५० मिलिमीटर कव्हर बसतच नाही, मग सळई कुठेही ठेवा. किनाऱ्यावरच्या घरात सर्वांत आधी गळून पडतात त्या याच. छज्जा हवा असेल तर पुरेसा जाड करा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवा, नाहीतर लाकडी ब्रॅकेटवर कौलाचा करा, जो हवा तेव्हा उतरवून बदलता येतो. तुमच्या बाल्कनीबद्दलही माझं हेच मत आहे. अधांतरी बाहेर काढलेल्या बाल्कनीत मुख्य सळई वरच्या अंगाला असते. तिच्यावर फरशी, फरशीखाली ओल, आणि रेलिंगचे पाय त्याच काँक्रीटमध्ये गाडलेले. त्या पायांच्या खोबणीत पाणी साचतं आणि तिथूनच सगळं सुरू होतं. खाली कॉलम देऊन वर कौलारू पडवी केलीत तर बसायला जागा तेवढीच मिळते, घराला सावली मिळते, आणि तुषारांचा पहिला मारा घराऐवजी पडवी घेते. रेलिंग लाकडी किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचं करा आणि त्याचे पाय फरशीत न गाडता बाजूने बोल्टने बसवा.

गच्ची की उतरतं छप्पर? वाऱ्यापुरतं बघितलं तर जड स्लॅब चांगला, तो उडत नाही. पण पाऊस, ऊन आणि क्षार हे तिघेही त्याच्यावर दिवसरात्र बसून असतात. मला स्लॅबवर हवा खेळती ठेवून उतरतं छप्पर आवडतं. मात्र ते छप्पर बांधून ठेवलं पाहिजे, नुसतं टेकवून चालत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. आणि छपरावर तो दाबत नाही, उचलतो. ऑस्ट्रेलियात डार्विन शहरावर १९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळ आलं. विमानतळावरच्या यंत्राने बंद पडण्याआधी ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला. तिथे पत्रे गेले ते एका झटक्यात गेले नाहीत. वर-खाली, वर-खाली होऊन स्क्रूभोवतीचा पत्रा थकला, फाटला आणि स्क्रूच्या डोक्यावरून निसटला. तेव्हापासून पत्र्याची चाचणी अशी वारंवार हलवून घेऊ लागले. तुमच्यासाठी यातून निघतं ते असं: कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी स्क्रू जास्त दाट हवेत, मोठ्या वायसरसह. कौलं असतील तर तिथली तरी तारेने किंवा क्लिपने बांधलेली हवीत. आणि रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या बीमला, बीम कॉलमला असा पट्ट्यांचा एकसंध ताण पायापर्यंत उतरायला हवा. साखळीत एक कडी जरी नुसत्या खिळ्यावर असली तर छप्पर तिथून सुटतं.

छप्पर चारी बाजूंनी उतरतं ठेवा. दोन पाखी छपराच्या टोकाला जी त्रिकोणी भिंत उभी राहते ती वाऱ्याला छाती देते. पाख्यांचा उतार तीस अंशांच्या आसपास असला की ओढ कमी बसते. आता अडचण अशी की पावसापासून वाचायला पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात, आणि जितकी वळचण लांब तितका वारा तिला खालून उचलणार. यावर माझा जुना तोडगा म्हणजे मुख्य छपराची वळचण आखूड ठेवायची आणि पडवीचं छप्पर वेगळं, थोडं खाली, स्वतःच्या खांबांवर घ्यायचं. फार मोठ्या वादळात ते गेलंच तर एकटं जाईल, घराचं छप्पर घेऊन जाणार नाही.

काचेच्या भिंतीचा मुद्दा छपराशी जोडलेला आहे. १९९२ साली अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात हजारो घरं उद्ध्वस्त केली. त्यातल्या कित्येक ठिकाणी सुरुवात एखादी खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटण्याने झाली. वाऱ्याकडचं एक भोक उघडं पडलं की वारा आत भरतो, घर फुग्यासारखं आतून ताणलं जातं, आणि छपराला बाहेरून वरची ओढ व आतून ढकल अशी दोन्ही लागते. समुद्र बघायला पूर्ण भिंत काचेची लागत नाही. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर डोळा जिथे असतो तेवढ्या पट्ट्यात, चार-पाच मोठ्या खिडक्या करा, प्रत्येक आत उघडून दोन्ही बाजूंनी पुसता येईल अशी. काच लॅमिनेटेड घ्या, बाहेरून लाकडी झडपा द्या. खरं सांगायचं तर ज्यांनी पूर्ण भिंत काचेची केली त्यांच्याकडे वर्षभरात पडदे ओढलेले दिसतात, कारण पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन डोळ्यांना सहन होत नाही, आणि मिठाने धुरकट झालेली काच रोज कोण पुसणार.

दिवसा वारा समुद्राकडून आत येतो, रात्री उलट फिरतो. दोन्ही वेळा घरातून आरपार वाहील अशा समोरासमोर खिडक्या ठेवा, समुद्राकडच्या थोड्या लहान आणि मागच्या मोठ्या, म्हणजे आत झुळूक जाणवते. कपाटं समुद्राकडच्या भिंतीला लावू नका. मागे हवा खेळत नाही आणि बुरशी धरते.

धातूंबद्दल थोडा हिशेब देतो, तो फॅब्रिकेटरशी बोलताना कामाला येईल. बाजारातल्या चकचकीत झिंक-प्लेटेड स्क्रूवर जस्ताचा थर ५ ते १२ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गरम जस्तात बुडवून काढलेल्या जाड लोखंडावर तो सरासरी ८५ मायक्रॉन. आयएसओ ९२२३ या मानकात तीव्र किनारी हवेच्या वर्गात जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉनने झिजतं असं धरलं आहे. भागाकार करा: स्क्रूवरचा थर फार तर दोन-तीन वर्षं, जाड लोखंडावरचा दहा ते वीस. बाहेरच्या कामाला ३०४ स्टेनलेस नको, ३१६ घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडला तेच रोखतं. दिसायला दोन्ही सारखेच आणि चुंबकाने फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका बरा, खरखरीत फिनिशमध्ये मीठ अडकून चहासारखे डाग पडतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत साधा लोखंडी स्क्रू घातलात तर दोन धातू आणि मधे खारी ओल, म्हणजे बॅटरीच तयार होते. ३१६ चा स्क्रू आणि नायलॉनचा वायसर वापरा. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, चौकट गंजत नाही, पण तिच्या आतली लोखंडी पट्टी, बिजागरी आणि लॉक गंजतात. तेही ३१६ चेच मागा.

मी स्वतः केलेली एक चूक इथे सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात एका घराच्या पडवीला लोखंडी बीम घातले आणि ते दिसायला बरे दिसावेत म्हणून लाकडी फळ्यांनी चारी बाजूंनी बंद केले. नऊ वर्षांनी फळी काढली तर आत गंजाचा चुरा पसाभर साठला होता. बीम उघडे ठेवले असते तर दरवर्षी कुणीतरी ब्रश फिरवला असता. तेव्हापासून मी किनाऱ्यावर काहीच झाकत नाही. फॉल्स सीलिंग नाही, बॉक्सिंग नाही, पाइप भिंतीबाहेरून.

एसीचं बाहेरचं युनिट कोनाड्यात किंवा जाळीमागे कोंबू नका. समुद्राच्या उलट बाजूला, फिन्सवर गंजरोधक थर असलेलं, आणि नळीने धुता येईल अशा उंचीवर बसवा. सोलर पॅनेल घेताना आयईसी ६१७०१ ची क्षार-तुषार चाचणी झालेली आहे का ते विचारा.

विहिरीबद्दल सावध राहा. किनाऱ्यावर जमिनीतलं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर वर असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उलट, उपसून ती पातळी एक मीटर खाली नेलीत तर खालची सीमा कालांतराने चाळीस मीटर वर येऊ शकते. खोल बोअर आणि मोठा पंप म्हणजे शेजाऱ्यांसकट सगळ्यांची विहीर खारी करणं. उथळ विहीर, छोटा पंप, थोडं थोडं उपसणं, आणि छपराचं सगळं पाणी आधी टाकीत मग जमिनीत. सेप्टिक टँक पूर्ण बंदिस्त हवी, आणि पावसाळ्यात ती कधीही पूर्ण रिकामी करू नका. भूजल वर आलेलं असताना रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते.

आणि घराच्या चारी कोपऱ्यांना बाहेर एकेक नळ द्या, गोड्या पाण्याचा, लांब पाइप लागेल असा. महिन्यातून एकदा, आणि पाऊस नसलेल्या दिवसांत पंधरवड्याने, वळचणी, बिजागऱ्या, रेलिंग, एसी आणि खिडक्यांच्या खाचा नुसत्या पाण्याने धुवायच्या. यासाठी मी पावसाच्या पाण्याची टाकी मोठी ठेवायला सांगतो. कुठल्याही रंगापेक्षा हे धुणं जास्त काम करतं. रंगाचं विचारलंत म्हणून सांगतो: भिंतीला आतली वाफ बाहेर जाऊ देणारा रंग लावा. प्लॅस्टिकसारखा बंद थर दिलात तर आतली ओल त्याच्यामागे अडकते, लोणा धरतो आणि पोपडे सुटतात.

आराखडा काढायला घेण्याआधी एक गोष्ट करा. साध्या, रंग न दिलेल्या लोखंडाच्या एकाच पट्टीतून दोन सारखे तुकडे कापून घ्या, त्यांचं वजन नोंदवा आणि प्लॉटवर एका खांबाला टांगा. एक उघड्यावर, दुसरा वर छोटंसं छप्पर करून, पाऊस लागणार नाही असा. असेच दोन तुकडे प्लॉटच्या मागच्या टोकालाही टांगा. सहा महिन्यांनी काढा, गंज घासून काढा, पुन्हा वजन करा. पुढचे आणि मागचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले की घर किती मागे घ्यायचं ते दिसेल, आणि छपराखालचा तुकडा कॉन्ट्रॅक्टरच्या हातात द्या.